जाड अक्षरांचा विवेक

दरवर्षीं संमेलनाचे फलक रंगवितांना विद्यार्थ्यांस जाड, कोनदार अक्षरांचा मोह पडतो. अक्षर जितकें जाड तितका मजकूर वजनदार, असा त्यांचा समज दिसतो. आम्हांस तो मान्य नाहीं.

जर्मनींतील ऑफेनबाख येथील क्लिंगस्पोर ओतशाळेसाठीं रुडॉल्फ कॉख यांनीं १९२३ सालीं ‘नॉयलान्ट’, म्हणजे नवी भूमि, या नांवाचा टाइप सिद्ध केला. आधीं आराखडा न काढतां त्यांनीं ठसे थेट धातूंत कोरिले. म्हणून प्रत्येक आकाराच्या अक्षरांत थोडा फरक राहिला. अक्षरें केवळ कॅपिटल, धिप्पाड, जणूं लांकडांत कोरलेलीं. मथळ्यास वा भित्तिपत्रकास तीं शोभतात. पण त्यांत सबंध परिच्छेद जुळविल्यास पान काळवंडतें व डोळा शिणतो.

पुढें या टाइपाच्या नशिबीं निराळेंच आलें. आफ्रिका, जंगल, साहस असा विषय दिसला कीं कित्येक पाश्चात्त्य प्रकाशक तोच वापरूं लागले. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ चित्रपटाच्या नांवासही तेंच वळण लाभलें. वस्तुतः जर्मनींत जन्मलेल्या अक्षरांचा आफ्रिकेशीं संबंध काय? तरी एका विशाल खंडांतील नाना लोकांवर ‘रानटी’ हा शिक्का न बोलतां मारला गेला. दोष खिळ्याचा नव्हे. जुळविणाराच्या आळसाचा होय.

तेव्हां मुलांनो, कुंचला उचलण्यापूर्वीं मजकूर वाचा. आणि ज्यांच्याविषयीं तो आहे, त्यांस आपलीं अक्षरें पाहून काय वाटेल, हें स्वतःस विचारा. पालकांनींही ‘मोठें काढ’ असें म्हणण्यापेक्षां ‘शोभेसें काढ’ असें सांगावें. अक्षरासही वाणीप्रमाणेंच संयम हवा.