‘देहूरोडला आहे काय?’

काही प्रश्न माहिती मिळविण्यासाठी विचारलेले नसतात. समोरच्याला त्याची जागा दाखवून देण्यासाठी विचारलेले असतात. ‘देहूरोडला आहे काय?’ हा प्रश्न त्या जातीचा आहे. लग्नाच्या बैठकीत मुलीचा मामा तो विचारतो. बदलीचा हुकूम हाती पडलेला कारकून विचारतो. आणि मुंबईहून पुण्याला निघालेला सुशिक्षित प्रवासी, गाडी सिग्नलला क्षणभर थांबली म्हणजे, खिडकीबाहेर पाहत शेजाऱ्याला विचारतो. उत्तराची वाट यांपैकी कोणीच पाहत नाही. सणासुदीला भांडण उकरून काढू नये असा शिरस्ता आहे खरा. पण तो मोडून मी आज या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. वाचकमंडळींनी चकलीचा एक तुकडा तोंडात टाकावा आणि शांतपणे ऐकून घ्यावे.

गावाचे नाव मात्र प्रश्नकर्त्याच्या बाजूने साक्ष देते, हे मान्य केले पाहिजे. देहूरोड म्हणजे देहूस जाण्याचा रस्ता. तुकोबांचे देहू येथून पाच-सहा किलोमीटरांवर, इंद्रायणीच्या काठी. रेल्वेने स्टेशनाला नाव दिले ते असे, की उतारूने येथे उतरावे, पण थांबू नये. नाशिकरोड, सातारारोड ही आमची भावंडेच. ज्याच्या पाटीवर दुसऱ्याच गावाचे नाव, त्याला स्वतःचे असे काही असावे ही कल्पनाच लोकांना चमत्कारिक वाटते. पण नाव रस्त्याचे आहे म्हणून रस्त्यावर राहणारी माणसे काही मैलाचे दगड होत नाहीत.

तेव्हा आहे काय, ते सांगतो. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना याच देहूरोडच्या विहारात केली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे त्या महान घटनेच्या पावणेदोन वर्षे आधी तिचा एक दिवा आमच्या गावी लागलेला होता. दरवर्षी त्या तारखेला दूरदूरची माणसे पोराबाळांना घेऊन येथे येतात. त्यांना कोणी ‘देहूरोडला आहे काय?’ असे विचारून पाहावे!

दुसरे, येथे लष्कराचे डेपो आहेत आणि दारूगोळ्याचा कारखाना आहे. त्या कारखान्यात सैन्याला लागणारी, उजेड पाडणारी, धूर सोडणारी आणि इशारा देणारी दारू तयार होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला; पाटी बदलली, काम तेच राहिले. या आठवड्यात आपली मुले अंगणात फुलबाज्या लावतील. सरहद्दीवरच्या अंधारात जवानाच्या डोक्यावर जो उजेड फुटतो, त्याची बांधणी करणारे हात आमच्या गल्लीत राहतात. डेपोच्या नोकरीपायी तमिळ, तेलुगू, मल्याळी, पंजाबी अशी किती तरी घरे येथे आली आणि येथलीच झाली. आणि या सेवेचे बक्षीस काय? डेपोच्या हद्दीपासून दोन हजार यार्डांचा प्रतिबंधित पट्टा. त्याला येथे सारे ‘रेड झोन’ म्हणतात. त्या पट्ट्यात हजारो कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन घरे बांधली, आणि त्या भिंती कायद्याच्या आतल्या की बाहेरच्या, या विवंचनेत ती वर्षानुवर्षे दिवे लावीत आली आहेत. देशाचा दारूगोळा सुरक्षित राहिला पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण ज्यांच्या उशाशी तो ठेवला आहे, त्यांनाच ‘तुमच्याकडे आहे काय’ म्हणून विचारणे, याला मी अज्ञान म्हणत नाही, कृतघ्नपणा म्हणतो.

माझा मुद्दा एकट्या देहूरोडचा नाही. साऱ्या मावळाकडे पाहण्याची आपली दृष्टीच खिडकीतून पाहण्याची झाली आहे. मावळ म्हणजे मुंबई आणि पुणे यांच्यामधला हिरवा पडदा! पावसाळ्यात धबधबे दाखवावे, बोगद्यात मुलांना ओरडू द्यावे, लोणावळ्यास चिक्की विकत द्यावी आणि बाजूस व्हावे, एवढेच त्याचे काम. आमच्या कथा-कादंबऱ्यांतही खंडाळा येतो तो नायक-नायिकेला धुके हवे असते तेव्हाच. त्या धुक्यात कोणी गुडघाभर चिखलात उभे आहे, हे त्या जोडप्याला दिसत नाही आणि वाचकालाही नाही.

पूर्वी असे नव्हते. मळवलीला उतरून कार्ल्याच्या लेण्याकडे जावे. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते चैत्यगृह पाहून लोक ‘वा’ म्हणतात आणि सावलीत डबा सोडतात. पण तेथल्या दगडावर कोणाची नावे आहेत? वैजयंतीच्या श्रेष्ठीचे आहे, धेनुकाकटच्या गंध्याचे आहे, आणि त्याच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. दाराचे काम त्याने केले, म्हणून दारापाशी त्याचे नाव. आता तेथून बोरघाटाकडे वळावे. १८६३ साली घाटातली रेल्वे सुरू झाली. पंचवीस बोगदे खोदले. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर डोंगरात राबत होते. पटकीने आणि अपघातांनी किती गेले त्याची गणती नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालविला, हे इतिहासात नमूद आहे आणि त्या बाईंचे कौतुक मलाही आहे. पण त्या हजारो मजुरांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल काय? सातवाहनांच्या काळी सुताराचे नाव दगडावर कोरले जात होते; आगगाडीच्या युगात मजुराचे नाव कागदावरही उरले नाही. याला प्रगती म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. मला तो शब्द घशाखाली उतरत नाही.

घशाखाली उतरण्याचा विषय निघालाच आहे, तर जेवणाकडे वळू. लोणावळा म्हणजे चिक्की, हे समीकरण महाराष्ट्राने पाठ केले आहे. चिक्कीशी माझे वैर नाही. घाटातल्या रेल्वेवर खपणाऱ्या मजुरांना स्वस्तात ताकद यावी म्हणून गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जात असे, आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असे लोणावळ्यात सांगतात. म्हणजे ज्या मजुराचे नाव आपण विसरलो, त्याचा खाऊ मात्र रंगीत खोक्यात घालून घरी नेतो! पण भाताच्या मुलखात शेंगदाणा कोठला? मावळाचे खरे अन्न खोक्यात मिळत नाही. ते खाचरात उभे असते.

आपण दिवाळी साजरी करता, तेव्हा मावळात भाताची कापणी चालू असते. उन्हाळ्यात राब भाजावा, मृगाच्या सुमारास बी टाकावे, आषाढात चिखलणी करून लावणी करावी. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा तो पाऊस! शहरी माणूस तो पाहण्यासाठी पैसे खर्च करून येतो. आमची बाई इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद पाठीवर घेऊन, दिवसभर कमरेत वाकून, त्याच पावसाकडे पाठ करून एकेक रोप खोचीत असते. एका घराला हे काम उरकत नाही; म्हणून आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, अशी सावड घालतात. मग चार महिन्यांची राखण, आणि ऐन कापणीला परतीचा पाऊस आला म्हणजे आडवे झालेले भात पाहून पोटात पडणारा खड्डा. घरात आकाशकंदील लागतो, पण डोळे ढगांकडे. हे जो जाणतो, तो ताटात भात टाकीत नाही.

आणि भात तरी कसला! वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आय-आर ८ यांच्या संकरातून एक वाण काढला, आणि १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती दिला. नाव ठेवले इंद्रायणी. जुन्या आंबेमोहोराचा वास आणि नव्या वाणाचे उत्पन्न एका दाण्यात आणणे, हे काही लहानसहान काम नव्हे. नव्या इंद्रायणीचा वाफाळता मऊ भात, वर आमटी, नाही तर नुसते पिठले. आणि पावसाळ्यात खाचरातल्या खेकड्यांचा रस्सा असेल तर बोलणेच खुंटले. शहरातल्या बायका तक्रार करतात, की हा भात चिकट होतो, मोकळा होत नाही. अहो, भाताने एकमेकांना धरून राहावे हा त्याचा धर्म आहे! प्रत्येक शीत सुटे हवे असेल तर दुसरा तांदूळ घ्यावा; इंद्रायणीला नावे ठेवू नयेत.

आता प्रवास. १ जून १९३० पासून डेक्कन क्वीन आमच्या स्टेशनावरून धावते. ती आमच्याकडे पाहतही नाही, आणि तिच्याबद्दल आमची तक्रारही नाही. आमची गाडी म्हणजे १९७८ साली सुरू झालेली पुणे-लोणावळा लोकल. दुधाचे कॅन, भाजीची गाठोडी, पाळीवर निघालेले कामगार, परिचारिका, कॉलेजची पोरे या साऱ्यांना घेऊन ती प्रत्येक स्टेशनावर थांबते. ती चुकली की कोणाचा खाडा होतो, कोणाचे दूध नासते. पण मुंबई-पुण्याच्या दळणवळणाची चर्चा निघाली की बोलणे नेहमी एकच: दोन शहरांमधला वेळ आणखी किती मिनिटांनी कमी करता येईल? मधल्या माणसाचा किती वेळ जातो, हे कोणी मोजीत नाही. २००२ साली पुरा झालेला द्रुतगती महामार्ग आमच्या शेजारी किवळ्यापाशी सुरू होतो. मावळातल्या किती तरी शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी, ट्रॅक्टरला बंदी, बैलगाडीला बंदी, पायी चालणाऱ्याला बंदी. म्हणजे ज्याची जमीन, त्यालाच मज्जाव!

येथे कोणी म्हणेल, ‘मास्तर, तुम्ही एकच बाजू सांगता. पर्यटकांवर लोकांची पोटे भरतात; आणि शेतकऱ्याने जमीन विकली ती स्वखुशीने, चांगला भाव घेऊन.’ आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळण्याची माझी इच्छा नाही. भाजलेले कणीस विकणाऱ्या पोराचे दोन पैसे मला मोलाचे वाटतात. शेतीत पुरत नाही, लावणीला माणसे मिळत नाहीत, शिकलेला मुलगा चिखलात उतरत नाही, हेही खोटे नाही. पण स्वखुशीची थोडी झडती घ्या. पावसाकडे पाहत खाल्लेल्या भज्यांच्या एका बशीला गिऱ्हाईक मागतील तो दाम मोजते. तेच गिऱ्हाईक रस्त्याकडेला तांदूळ विकत बसलेल्या म्हातारीशी किलोमागे पाच रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालते. मग खाचर विकले जाते, तेथे बंगला उठतो, आणि कालचा धनी आज त्याच फाटकावर शिट्टी गळ्यात अडकवून पहाऱ्याला उभा राहतो. याला तुम्ही रोजगारनिर्मिती म्हणता! पाण्याचीही तीच गोष्ट. पवना धरणाचे पाणी बंद नळातून शहराकडे नेण्याला विरोध करीत ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे जण मेले. त्यांत एक बाई होती. शहराला पाणी नको, असे कोणीच म्हणत नाही. पण ज्याच्या डोंगरावर ते पडते, त्याला विचारावेसे वाटू नये, हे त्याच खिडकीतून पाहण्याचे फळ आहे.

आणि याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. एकदा मी वर्गात ‘माझे गाव’ हा निबंध घातला. एका हुशार मुलाने लिहिले: ‘आमचे गाव पुणे आणि मुंबईच्या मध्ये आहे. येथून दोन्हीकडे जाता येते.’ संपला निबंध! शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. मी तांबडी पेन्सिल हातात धरून बसलो, पण खूण कोठे करावयाची ते कळेना. डेपोत बाप, खाचरात आजी, कोपऱ्यावर विहार, पलीकडे इंद्रायणी; आणि पोराला आपले गाव दिसले ते दोन शहरांमधल्या मोकळ्या जागेएवढे. इतकी वर्षे आपण विचारीत आलेल्या प्रश्नाचे उत्तर अखेर आमच्याच मुलाने दिले: काही नाही. ज्याला आपल्या गावात काही नाही असे वाटते, तो गाव विकताना मागे वळून पाहत नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. पर्यटकांनी येऊ नये असे मी म्हणत नाही. पाहुण्यासारखे यावे, असे म्हणतो. पाहुणा यजमानाचे नाव विचारतो, त्याच्या घरचे जेवतो, आणि त्याच्या शेतात बाटल्या फोडून जात नाही. तांदूळ घ्यावा तो पिकविणाऱ्याच्या दारातून, आणि मागितलेला भाव द्यावा. योजना आखणाऱ्यांनी दोन टोकांच्या शहरांबरोबर मधल्या स्टेशनांचीही घड्याळे पाहावी. आणि आम्ही मास्तरांनी मुलांना कार्ल्याच्या सुताराचे नाव शिकवावे, वडगावच्या भाताची कूळकथा शिकवावी आणि २५ डिसेंबर १९५४ ही तारीख पाठ करवून घ्यावी. परीक्षेत विचारीत नाहीत, ही सबब पुरे झाली.

फराळाच्या ताटातल्या चिवड्याचे पोहे कोणाच्या तरी खाचरातूनच आले आहेत. मूठ तोंडात टाकण्यापूर्वी एवढे ध्यानात आले तरी यंदाचे भांडण सत्कारणी लागले असे मी समजेन. आणि यापुढे कोणी ‘देहूरोडला आहे काय?’ असे विचारले, तर त्याला वाद न घालता खुशाल खाली उतरवून घ्यावे. लोकल येथे थांबते.