टणत्कार न करणारे धनुष्य

गेल्या वर्षी साताऱ्यात, आमच्यापैकी एकाच्या वर्गात, आधुनिक मराठी कवितेने एकलव्याच्या कथेचा उपयोग कसा केला हा विषय चालू होता. गुरुदक्षिणा, अंगठा, वंचना, व्यवस्था हे शब्द ठरल्या क्रमाने फळ्यावर उतरत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, पण दोरी अंगठ्यानं कुठं ओढतात?’’ ही मुलगी रोज संध्याकाळी तिरंदाजीच्या सरावाला जाते. तिने तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही तीन बोटे आकड्यासारखी वाकवून दाखविली. अंगठा तळहातात दुमडलेला होता. वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही, कारण वीसएक वर्षे ही कथा शिकवूनही हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

त्या रात्री सातारा-सांगली असा आमचा दूरध्वनी बराच वेळ चालला, आणि हा लेख त्यातूनच निघाला आहे. दोरी ओढण्याच्या मुख्य रीती दोन. एक तीन बोटांची, युरोपात रुळलेली, ऑलिम्पिकमध्ये दिसते ती. दुसरी अंगठ्याची: दोरी अंगठ्याच्या पेरात अडकवून ओढायची, अंगठ्याचे कातडे फाटू नये म्हणून त्यात कडे घालायचे. मध्य आणि पूर्व आशियातील घोडेस्वार अशीच दोरी ओढीत, आणि मुघल दरबारातील जेडची सुंदर कडी संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात. एकलव्याची कथा दुसऱ्या रीतीतच पुरती उभी राहते. मात्र आदिपर्वातील मजकूर नीट वाचला तर तिथे आणखी एक बारकावा आहे. अंगठा दिल्यानंतर एकलव्य बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीची शीघ्रता उरली नाही, असे व्यास सांगतात. द्रोणाने विद्या नेलेली नाही. अर्जुनाला वरचढ ठरणारी गती तेवढी नेली आहे. आमच्या आधुनिक कवितेतील एकलव्य बहुधा अंगठ्याबरोबर संपतो. महाभारतातला संपत नाही, तो बोटांनी पुन्हा दोरी ओढतो, आणि आमच्या मते हे अधिक भयंकर आहे. भिल्ल तिरंदाज अंगठा न लावता दोरी ओढतात आणि त्याचे कारण म्हणून एकलव्याचेच नाव सांगितले जाते, ही गोष्ट वाचकांच्या कानावर असेलच.

याच प्रसंगातला कुत्रा आठवावा. पांडव मृगयेला निघाले आहेत, बरोबर कुत्रा आहे, तो एकलव्याला पाहून भुंकू लागतो आणि एकलव्य सात बाणांनी त्याचे तोंड बंद करतो. आपण हे नेहमी नैपुण्याचे प्रात्यक्षिक म्हणून वाचतो. पण एकलव्य निषादांचा मुलगा आहे, रानात राहणारा आहे, आणि रानात भुंकणे म्हणजे काय हे त्याला कुरुकुमारांपेक्षा अधिक ठाऊक असणार. शिकाऱ्याला प्रथम हवी असते ती शांतता.

आमचा मुद्दा इथूनच सुरू होतो. आपल्या वाङ्मयाने जपले ते योद्ध्याचे धनुष्य. त्याचा टणत्कार होतो, दिशा दुमदुमतात, शत्रूची छाती फाटते. संस्कृत महाकाव्यांपासून आपल्या पंडित कवींपर्यंत हा टणत्कार अखंड ऐकू येतो. शिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो धनुष्यातील दोष आहे. हरणाचे कान दोरीचा आवाज ऐकतात, बाण पोचण्याआधी ते अंग आकसून खाली दबते आणि बाण पाठीवरून जातो. म्हणून जगभरच्या शिकाऱ्यांनी दोरीला केसाळ कातडे बांधले, लोकर गुंडाळली, पुढे रबराचे तुकडे लावले. योद्ध्याच्या धनुष्याने आवाजाची कीर्ती मिळविली आणि शिकाऱ्याच्या धनुष्याचा सारा इतिहास आवाज मारण्यात गेला. त्यामुळे असेल, कवितेला ते ऐकूच आले नाही.

एक ठळक अपवाद आपल्या घराघरात आहे. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’चा (१७१८) दुसरा अध्याय महाशिवरात्रीला सातारा-सांगलीच्या खेड्यांतून आजही वाचला जातो. त्यातला व्याध तळ्याकाठच्या बेलाच्या झाडावर रात्रभर बसतो, नजरेआड येणारी पाने खुडून खाली टाकतो आणि पाणी प्यायला येणाऱ्या हरणीची वाट पाहतो. आपण भक्तीकडे पाहतो. पाने नकळत शिवलिंगावर पडतात, हा कथेचा गाभा आहेच. पण जरा शिकाऱ्याच्या बाजूने पाहा. पाणवठ्यावर झाड धरणे, वाऱ्याच्या वर बसणे, बाणाच्या वाटेतली पाने काढणे! अमेरिकेतील हरणांचे धनुर्धारी शिकारी आजही झाडावर मचाण बांधून हेच करतात. श्रीधर माणगंगेकाठच्या नाझऱ्याचे, माणदेशाच्या वेशीवरचे. असा व्याध त्यांनी पाहिला असेल असे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा नसल्याने आवरतो. या अध्यायाची एक अडचण मात्र कोणत्याही धनुर्धाऱ्याला चटकन दिसेल. व्याधाने दोरी ओढली आहे आणि हरणी बोलू लागते, ओव्यांमागून ओव्या बोलते. साध्या धनुष्याची दोरी पूर्ण ओढून काही क्षणांपलीकडे धरता येत नाही, हात थरथरू लागतो. व्याधाने मधे दोरी सैल सोडली असली पाहिजे. श्रीधरांना त्याची फिकीर नव्हती आणि ते योग्यच होते.

पण हीच अडचण, ओढलेली दोरी धरून हरणाची वाट पाहण्याची, विसाव्या शतकात धनुष्य बदलण्यास कारणीभूत झाली. आणि ती अमेरिकेत, कारण तिथे धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर राहिली. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीतला एकटा उरलेला माणूस रानातून बाहेर आला. त्याने आपले नाव सांगितले नाही. लोक त्याला इशी म्हणू लागले; त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’ एवढाच. विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला, सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य करणे, बाण करणे, दबा धरणे शिकून घेतले, आणि १९१५ मध्ये एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने त्याची भाषा टिपून घेतली. इशीचे धनुष्य जुनिपरच्या लाकडाचे, पाठीवर प्राण्यांच्या स्नायूंचा थर बसविलेले होते. (तो दोरी अंगठ्यानेच ओढी.) १९१६ मध्ये इशी वारला. १९२३ मध्ये पोपचे धनुष्याच्या शिकारीवरील पुस्तक निघाले आणि ते तिथल्या हौशी शिकाऱ्यांचे मूळ पुस्तक ठरले. भाषा आणि हत्यार एकाच माणसाच्या तोंडून आणि हातून एकाच वेळी उतरवून घेतले गेल्याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरे आठवत नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मिशिगनच्या फ्रेड बेअरने लाकूड आणि काचतंतू यांचे थर जोडून टोके पुढे वळलेली रिकर्व्ह धनुष्ये विकली आणि ती एका पिढीची आवडती झाली. बाण लाकडाचे ॲल्युमिनिअमचे झाले, मग कार्बनचे. खरा धक्का १९६६ चा. मिझुरीतील हॉलेस विल्बर ॲलन या हरणांच्या शिकाऱ्याने धनुष्याची टोके कापून तिथे केंद्र सोडून बसविलेली चाके लावली आणि पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६९ च्या अखेरीस मिळाले. हेच कंपाऊंड धनुष्य. ओढताना आधी पुरा जोर लागतो. चाके फिरली की जोर एकदम कमी होतो. ६० पौंडांच्या धनुष्याचा जोर ८० टक्क्यांनी घटत असेल तर पूर्ण ओढल्यावर बोटांवर १२ पौंडच उरतात. आता हरणीने हवे तेवढे बोलावे. जुन्या शिकाऱ्यांनी नाके मुरडली, हे धनुष्यच नव्हे, यंत्र आहे असे ते म्हणाले, आणि आजही रिकर्व्ह किंवा साधे लाकडी धनुष्यच हाती धरणारा त्यांचा एक पंथ आहे. त्यांच्याविषयी आम्हाला आदर वाटतो. पण त्यांचे म्हणणे पटत नाही. पाठीवर स्नायू चिकटविणारा पहिला माणूसही कोणाला तरी यांत्रिक वाटला असेल.

आणि हे हरणासाठी घडलेले यंत्र आमच्या गावात आले ते हरणाविना. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. सांगलीजवळच्या सागरेश्वर अभयारण्यातील चितळ-सांबरांकडे दुर्बिणीतून पाहावे. त्याच जिल्ह्यातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनीही बंदूक खाली ठेवून पाहण्याचाच छंद धरला. (मराठी शिकारकथा ही बहुतेक बंदुकीची कथा आहे, हेही इथेच नोंदवावे.) साताऱ्याच्या धनुष्यासमोर हरणाऐवजी ५० मीटरवर कागद असतो आणि त्यावर दहा गुणांचे ८ सेंटिमीटरचे पिवळे वर्तुळ. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये याच धनुष्याने साताऱ्याच्या शेरेवाडीची अदिती स्वामी, वय १७, मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असे हरवून जगज्जेती झाली. त्याआधी २०२१ मध्ये फलटण तालुक्यातील सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये रिकर्व्ह घेऊन उतरला होता. कंपाऊंडला ऑलिम्पिकचे दार २०२८ मध्ये मिश्र सांघिक प्रकारापुरते उघडायचे आहे.

अदितीच्या विजयावर मराठीत जे लिहिले गेले त्यात अर्जुन होता, माशाचा डोळा होता, एकलव्य होता. धनुष्य नव्हते. आम्ही मराठीचे अध्यापक याला इतरांपेक्षा अधिक जबाबदार आहोत. ‘मौर्वी’ म्हणजे दोरी असे आम्ही पाठ करून घेतो. ती मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या धाग्याची, म्हणून मौर्वी, हे सांगत नाही. ‘गोधा’ म्हणजे घोरपड. रामलक्ष्मण मनगटावर तिच्या कातड्याचे आवरण बांधतात ते दोरीचा फटका बसू नये म्हणून. आमची विद्यार्थिनी त्याच जागी प्लॅस्टिकचे आर्मगार्ड बांधते. कौटिल्याने धनुष्याची द्रव्ये आणि दोऱ्यांची द्रव्ये मोजून दिली आहेत, त्यांत दोरीसाठी वेणू म्हणजे बांबूही आहे. आणि भिल्लांच्या बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच सालीची दोरी असे. ग्रंथातला तो शब्द रानात जिवंत होता आणि आम्ही त्याला टीपेत ठेवले.

याचा तोटा भाषांतर करताना कळतो. कंपाऊंडला कोशाच्या पद्धतीने ‘संयुक्त धनुष्य’ म्हणावे असा एक मोह आहे. मग लाकूड, शिंग आणि स्नायू जोडून केलेल्या जुन्या आशियाई धनुष्याला काय म्हणणार? तेही संयुक्तच. वास्तविक त्याच्या जवळ जाणारा शब्द आपल्याकडे आहे: शार्ङ्ग, शृंगापासून झालेले, शिंगाचे. विष्णूच्या हाती देऊन आपण तो विशेषनाम करून टाकला. जुन्या वस्तूचा शब्द देवघरात आणि नव्या वस्तूला अर्धवट प्रतिशब्द, असा हा व्यवहार आहे. आमचे मत असे, की हत्याराचा शब्द ते हाती धरणाऱ्याने द्यावा आणि अध्यापकाने तो लिहून घ्यावा.

म्हणून आम्ही त्या मुलीला शब्द विचारावयास सरावाच्या मैदानावर गेलो. तिथे कंपाऊंडच्या दोरीला बोट लागतच नाही; ‘रिलीज’ नावाचा लहानसा चाप हातात धरून दोरी ओढतात, आणि तिच्या हातातला चाप सुटतो तो अंगठ्याने. ‘‘म्हणजे अंगठा लागतोच की,’’ आम्ही म्हणालो. ती हसली. चाके फिरल्यावर जोर घटतो त्याला तुम्ही काय म्हणता, असे विचारले तेव्हा तिने क्षणभर विचार केला. ‘‘काही नाही म्हणत. वजन उतरतं म्हणतो.’’ आम्ही वहीत ‘उतार’ असे लिहिले. पुढचा प्रश्न त्या चाकांविषयी होता. ‘‘कॅमला कॅमच म्हणतो, सर,’’ ती म्हणाली. तेही लिहून घेतले.