गुरुजी, तुम्ही आणि ड्रेनेज?

मागच्या आठवड्यात देवगाव रंगारीला साखरपुड्याला गेलो होतो. जेवणं चालली असताना भावकीतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, पेन्शन बंद झाली का काय? सोसायटीत ड्रेनेज काढता म्हणं!" पंगत हसली. मीही हसलो. रात्री मात्र झोप आली नाही. म्हणून हे लिहितोय, आणि रागात लिहितोय. सांभाळून घ्या.

तर मंडळी, खरं आहे ते. छत्रपती संभाजीनगरात मुलाकडे राहायला आलो, आणि गेली दोन वर्षं जवळच्याच अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीची देखभाल बघतो. मोटार, टँकरचा हिशोब, लिफ्टवाल्याच्या मागे लागणं, गळके पाइप, गच्चीवरच्या टाक्या. पगार नऊ हजार. पेन्शन चालू आहे, काळजी नसावी!

पस्तीस वर्षं मी फळ्यावर 'श्रमप्रतिष्ठा' लिहिलं. गाडगेबाबा शिकवले. कार्यानुभवाच्या तासाला तुमच्याकडूनच शाळा झाडून घेतली, तेव्हा कुणी हसलं नाही. आता तोच मास्तर झाडूवाल्याबरोबर चहा पितो तर घराण्याची इज्जत जाते? मग तो धडा काय फक्त पाच मार्कांपुरता होता?

अर्थात मीही धुतल्या तांदळाचा नाही. पाणचक्कीला सहली नेल्या, सतराव्या शतकात मलिक अंबरानं नहरी बांधल्या हे पोरांकडून घोकून घेतलं. त्या नहरींतला गाळ कोण काढत होतं, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. असो.

खरा राग वेगळाच आहे. गेल्या पावसाळ्यात सोसायटीचा सेप्टिक टँक तुंबला. कमिटीतले एक सभासद, चांगले शिकलेले, म्हणाले, "सक्शनची गाडी कशाला? एक माणूस उतरवा, पाचशेत काम." मी कायदा सांगितला. २०१३ पासून सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. यावर ते काय म्हणाले? "सर, ही माणसं सवयीची असतात."

सवयीची! आतल्या वायूला सवय कळत नाही हो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. मी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे गाडी आली.

पंगतीतलं ते हसू आणि हे पाचशे रुपये मला वेगळे वाटत नाहीत. काम हलकं ठरलं की ते करणाऱ्याचा जीवही हलका होतो.

ताई, तू फोनवर विचारलंस, "लोकांना काय सांगू?" सांग, अण्णा व्हॉल्व्ह बदलत होता. आणि उद्या टाकी धुवायची आहे, दहाच्या आत फोन करू नकोस.