फलाटावरचे अर्धसत्य

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा नकाशा पाहिला की कुर्ला, मानखुर्द, वाशी, तुर्भे, ठाणे आणि पुन्हा कुर्ला असे एक वर्तुळ पुरे झालेले दिसते. परंतु या वर्तुळावरून सलग फिरणारी एकही गाडी नाही. गाड्या तुकड्यातुकड्यांनी धावतात, आणि कोणता तुकडा कोठे जोडायचा हे ओळखण्याचे ओझे रेल्वेने प्रवाशाच्या माथी मारले आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या हार्बर फलाटांवरून पनवेलचीही गाडी सुटते आणि गोरेगावचीही. वडाळ्यानंतर एक कुर्ल्याकडे वळते, दुसरी किंग्ज सर्कलवरून माहीमकडे. इंडिकेटरवर ठळकपणे झळकते ते मात्र शेवटच्या स्थानकाचे नाव. ज्याला कुर्ल्याला उतरायचे आहे, त्याला ‘गोरेगाव’ या शब्दातून कोणता बोध व्हावा? ठाण्यातही हीच कथा. २००४ साली सुरू झालेल्या ट्रान्सहार्बर मार्गाला तुर्भ्यानंतर दोन फाटे फुटतात. एक सानपाड्यावरून वाशीला जातो, दुसरा जुईनगरवरून नेरूळ-पनवेलला. घाईघाईत वाशीच्या गाडीत चढलेला जुईनगरचा प्रवासी सानपाड्याला उतरून दुसऱ्या गाडीची वाट पाहत बसतो.

यावर ‘रोजचा प्रवासी सरावलेला असतो’ असे ठरीव उत्तर मिळते. म्हणजे ज्याला फलकाची गरज नाही, त्याच्यासाठीच फलक आहे! कामाच्या पहिल्या दिवशी निघालेला मजूर, इस्पितळ शोधत आलेला खेडूत, अक्षरओळख नसलेली मोलकरीण, केवळ उद्घोषणेवर विसंबणारा अंध प्रवासी यांनी काय करावे? चुकलेल्या गाडीपायी बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी रेल्वेच्या ताळेबंदात कोठेच दिसत नाही. ज्या खर्चाची नोंद होत नाही, तो दुबळ्याच्या खिशातूनच वसूल होतो, हे अर्थशास्त्रातील जुनेच सत्य आहे.

आणि हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावरील चेंगराचेंगरीत अठरा माणसे मृत्युमुखी पडली. ‘प्रयागराज’ हे नाव असलेल्या दोन गाड्यांच्या उद्घोषणेमुळे गोंधळ उडाल्याचे दिल्ली पोलिसांनी सांगितले. रेल्वेने पुढे डोक्यावरचे ओझे पडल्याचे कारण दिले. कारणांचा वाद काहीही असो, गच्च भरलेल्या फलाटावर एक संदिग्ध शब्दही प्राणघातक ठरू शकतो, एवढे कोणालाही कळावे.

टोकियोची यामानोते गाडी १९२५ पासून खरोखरच वर्तुळात फिरते. तिला शेवटचे स्थानकच नाही. म्हणून तेथे ‘आतली फेरी’ व ‘बाहेरची फेरी’ असा भेद करून पुढच्या मोठ्या स्थानकांची नावे सांगतात. मुंबईत तर शेवट आहे, फाटे आहेत आणि दिवसाला लक्षावधी प्रवासी आहेत. ‘पनवेल, कुर्ला मार्गे’ एवढे लिहिण्यास कोणता परकीय कर्जपुरवठा लागतो? फाट्याआधीच्या प्रत्येक स्थानकावर मार्गाची स्पष्ट घोषणा, फलाट बदलायचा असल्यास गाडी येण्यापूर्वी पुरेसा अवधी, आणि ध्वनिवर्धक ऐकू येतो की नाही याची नियमित तपासणी, या मागण्यांत अवास्तव असे काहीही नाही.

वंदे भारतच्या उद्घाटनाला हिरवे निशाण घेऊन मंत्री धावत येतात. हार्बरच्या फलाटावरील फलक सुधारण्यात मात्र कोणाचे छायाचित्र निघत नाही. अडचण पैशांची नाही, अग्रक्रमाची आहे. आणि अग्रक्रम बदलतात ते विनंत्यांनी नव्हे, संघटित प्रवाशांच्या रेट्याने.