चित्रकाराची घडणावळ

हातकणंगले तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचा बालकवितासंग्रह नुकताच वाचनात आला. कविता चांगल्या आहेत. पोरांच्या तोंडची भाषा वर्षानुवर्षे कानात साठवल्याशिवाय अशा ओळी सुचत नाहीत. त्यात उसाच्या बैलगाडीवर एक कविता आहे आणि समोरच्या पानावर गाडीचे चित्र. चित्रातल्या बैलांच्या मानेवर जू नाही. दोन्ही बैल मोकळेच पुढे चालले आहेत आणि भरलेली गाडी त्यांच्यामागून येते आहे. गाडीवानाच्या डोक्यावर रुंद काठाची परदेशी टोपी, पलीकडे लाल कौलांचे, धुराडे असलेले घर. चित्रकाराचे नाव शोधले, ते कुठेच नाही. चौकशी केल्यावर कळले की चित्रे संगणकाला सांगून करून घेतली, त्यांना पैसे पडले नाहीत.

या तालुक्यातल्या दुसरीतल्या पोरालाही जू कुठे ठेवतात आणि शिवळा कुठे घालतात हे ठाऊक असते. गळीत हंगामात गावोगावच्या शाळांच्या दारावरून ऊस जातो. असे पोर ते पान क्षणभर पाहते आणि उलटते. गाडी त्याच्या ओळखीची होती, चित्राने ती परकी केली. पुस्तकाचे याहून मोठे नुकसान दुसरे कोणते?

दोष एकट्या शिक्षकांचा नाही. पदरमोड करून पुस्तक काढणारा माणूस आधी कागद, छपाई, बांधणी यांचा हिशेब मांडतो. चित्रांचा रकाना शेवटी येतो आणि तोवर पैसे संपलेले असतात. मग ओळखीच्या कलाशिक्षकांना गळ घातली जाते, ‘सर, दहा-बारा चित्रं काढून द्या की, तुमच्या हातचा मळ तो!’ सर भिडेला पडून रविवार घालवतात, नाहीतर टाळतात. टाळले की यंत्र आहेच.

शेजारी हुपरीत पैंजणाच्या किमतीत चांदीचे वजन वेगळे धरतात आणि घडणावळ वेगळी. घडणावळ सोडून द्या, असे तिथे कुणी म्हणत नाही. इचलकरंजीत यंत्रमागाची मजुरी पिकावर ठरते, म्हणजे कापडात इंचाला आडवे धागे किती त्यावर. हाताच्या कसबाचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या या मुलखात चित्रकाराचा हिशेब तेवढा तोंडी आणि मुरवतीवर चालतो, हे मनाला लागते.

‘चांदोबा’ वाचून मोठी झालेली पिढी आठवून पाहा. विक्रम-वेताळाच्या गोष्टींतल्या किती आज सांगता येतील? पण हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि मागे स्मशान, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. ते ‘शंकर’ यांनी, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांनी काढले. त्यांनी सुमारे साठ वर्षे त्या मासिकासाठी चित्रे काढली. २०२० साली ते गेले, तेव्हा मराठी वाचकांपैकी कितीतरी जणांना त्यांचे पूर्ण नाव पहिल्यांदाच समजले. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये शब्द मोजके आहेत. घरातली माणसे कशी बसतात, काय नेसतात, कुणाशी कशी वागतात, हे बरेचसे चित्रच सांगते. तिथे लेखिका आणि चित्रकार एकच असल्याने दोन्हींची वाटणी अचूक झाली आहे. ज्यांना दोन्ही कामे येत नाहीत, त्यांनी दुसरे काम करणाऱ्याला बरोबरीचा मान द्यायला हवा. मुलांच्या पुस्तकाला लेखक दोन असतात. एक लिहितो, दुसरा काढतो.

आणि चित्रकार शोधायला लांब कशाला जायचे? आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांचे कोल्हापूर रेल्वेने जवळच आहे. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन इथे शिकून मुले बाहेर पडतात आणि त्यांतली बरीच डिजिटल फलक करण्यात, लग्नाचे मंडप सजवण्यात, शाळांच्या भिंती रंगवण्यात गुंततात. त्यांच्यापैकी एखाद्याला, एखादीला गाठावे. ‘कविता पाच, चित्रे पाच’ असे सांगून मोकळे होऊ नये; संपूर्ण हस्तलिखित वाचायला द्यावे. नमुन्याची दोन चित्रे मागावीत आणि त्या नमुन्याचेही पैसे द्यावेत. पुस्तकाचा आकार आणि पाने आधी ठरवावीत. छापखान्यात पाने आठ-सोळाच्या हिशेबात बसतात. तीस पानांची चित्रे झाल्यावर हे कळले, तर दोन पाने कोरी जातात किंवा घाईघाईने भरावी लागतात. कोऱ्या कागदांची घडी घालून डमी बनवली आणि कविता कुठे, चित्र कुठे हे पेन्सिलने मांडले, तर निम्मे वाद तिथेच मिटतात. मजकुरासाठी चित्रात मोकळी जागा हवी असते, तीही डमीतच दिसते.

मग करार. एका कागदावर मानधन, ते किती हप्त्यांत, चित्र किती वेळा बदलून मिळेल, मूळ चित्रे कुणाकडे राहतील आणि दुसऱ्या आवृत्तीत काय, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा स्वामित्वहक्क, उलट करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून कागद न करता काम घेणे चित्रकाराच्या अंगाशी येते. पण हक्क विकल्यावरही आपले नाव लावण्याचा आणि चित्राची नासाडी होऊ न देण्याचा त्याचा अधिकार ५७व्या कलमाने शाबूत राहतो. आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘चित्रे :’ असे छापून भागत नाही. त्याचे नाव मुखपृष्ठावर, कवीच्या नावाखाली, त्याच मापाच्या अक्षरात यावे.

एवढे सारे एका शिक्षकाने पदरचे घालून करायचे का, हा प्रश्न रास्त आहे. तालुक्यातली वाचनालये, माजी विद्यार्थी, सहकारी संस्था दरसाल सत्कारांवर आणि स्मरणिकांवर पैसे खर्च करतातच. त्यातला थोडा भाग एखाद्या बालपुस्तकाच्या चित्रांसाठी बाजूला काढला, तर तो गावाच्या नावावर कायमचा जमा होईल.

त्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघणार आहे असे कळते. कवींना एवढीच विनंती, की या वेळी चित्रकार नेमा आणि हंगाम संपायच्या आत त्याला एक दिवस उसाच्या फडावर घेऊन जा.