मुहूर्त नारळाचा, वेळ पाण्याची

आज नारळी पौर्णिमा. किनाऱ्यावरील घराघरांतून नारळीभाताचा सुगंध दरवळत असेल आणि कोळीवाड्यांतून सोनेरी कागदाने मढविलेला नारळ वाजतगाजत समुद्राकडे नेण्याची लगबग चालली असेल. वरुणदेवतेस श्रीफळ अर्पण करावे, दर्या शांत होवो अशी प्रार्थना करावी आणि मग होडी पाण्यात लोटावी, हा आपला पूर्वापार क्रम. या क्रमाविषयी आम्हांस नितांत आदर आहे. मात्र त्यातील ‘आणि मग’ या शब्दांविषयी आज थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. पूजा आटोपली की त्याच घटकेस नौका सुटलीच पाहिजे, नाहीतर मुहूर्त वाया गेला, असा हट्ट आम्ही अनेक घरांतून पाहिला आहे. एकदा तर त्या हट्टात आम्ही स्वतःही सामील होतो.

काही वर्षांपूर्वीची ही हकीकत. कुलाब्याहून थळला जावयाचे होते. परिचितांचा शीड आणि लहानसे इंजिन असलेला मचवा, घरची पूजा, त्यामुळे आग्रह मोडवेना. पूजा, आरती, प्रसाद होता होता दुपारचा एक वाजला. तांडेल वयस्क होता. त्याने एकवार पाण्याकडे पाहिले, यजमानांकडे पाहिले आणि काही न बोलता दोर सोडला. भरती नुकतीच उतरू लागली होती. बंदराच्या मुखाशी पोहोचलो तो ओहोटीने जोर धरलेला. ओहोटीचे पाणी नैऋत्येकडे बाहेर धावते आणि श्रावणातला वारा नैऋत्येकडूनच आत येतो. पाणी आणि वारा असे समोरासमोर भिडले की लाटा उंच, आखूड आणि उभ्या उठतात. मचवा एका लाटेवरून उतरतो न उतरतो तोच दुसरी अंगावर. त्यातच डाव्या हातास एक प्रचंड मालवाहू जहाज बाहेर पडताना दिसले. तांडेलाने शीड उतरविले, तोंड फिरविले आणि ते जहाज जाईपर्यंत आम्ही जागच्या जागी हेलकावत राहिलो. बरोबरच्या बायकामुलांचे चेहरे आम्ही अद्याप विसरलो नाही. थळला पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, पाणी पार ओसरले होते, किनारा खडकांसह उघडा पडला होता. भरती पुन्हा चढेपर्यंत बाहेर नांगर टाकून, ढगांआडच्या पौर्णिमेत, रात्री नऊपर्यंत बसावे लागले.

यात दोष देवाचा नव्हे, वाऱ्याचाही नव्हे. पंचांग आमच्या हातात होते. ते आम्ही अर्धेच वाचले होते.

तिथी ही चंद्राची आणि भरतीओहोटीही मुख्यतः चंद्राचीच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य-चंद्रांचे आकर्षण एका रेषेत येते, म्हणून तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात येते, म्हणून भांग. म्हणजे ज्या दिवशी आपण समुद्रास शांत होण्याची विनवणी करतो, तो दिवस उधाणाचाच असतो. इतकेच नव्हे, तर उधाणाचा कळस बहुधा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतो. मुंबईस पावसाळ्यातील मोठ्या उधाणांत भरतीची उंची साडेचार मीटरांच्या वर जाते आणि बंदरातील ओघ ताशी दोन सागरी मैलांहून अधिक वेगाने वाहतो. मंद वाऱ्यात शिडाच्या होडीचा स्वतःचा वेग तरी याहून कितीसा अधिक असतो?

कोकणातील जुन्या माणसांचा हिशेब वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीची घटका मिळते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वा अकरा. आजच्या प्रमाणवेळेनुसार मुंबईस त्यात अर्धा-पाऊण तास मिळवावा. त्यापुढे सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दररोज ही वेळ पाऊण-पावणेएक तास पुढे सरकते. हा हिशेब ढोबळ आहे. त्यावर विसंबून दोर सोडू नये. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून पाण्याच्या चढउताराची नोंद होत आली आहे आणि भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. देव्हाऱ्याजवळच्या पंचांगाशेजारी ते कोष्टक ठेवण्यास कोणत्याही धर्मशास्त्राची आडकाठी असेल असे आम्हांस वाटत नाही.

कोष्टक हाती आले की निघण्याची वेळ आधी ठरवावयाची नसते. आधी पोहोचण्याची ठरवावयाची असते. थळसारख्या किनाऱ्यास किंवा खाडीच्या मुखाशी, जेथे वाळूचा दांडा आडवा असतो, तेथे भरत्या पाण्यात पोहोचावे आणि तेथून मागे मोजत यावे. आमच्या त्या प्रवासास सकाळी आठचे प्रस्थान योग्य होते. पाणी आत येत असल्याने वेग कमी पडला असता हे खरे. पण वारा आणि ओघ एकाच दिशेने असल्याने लाटा नरम राहिल्या असत्या आणि दुपारी बारास भरल्या पाण्यात मचवा किनाऱ्यास लागला असता.

मात्र भरतीची वाट पाहणारे आपण एकटे नसतो. मुंबई बंदर आणि 1989 साली सुरू झालेले न्हावा-शेवा येथील बंदर, या दोहोंकडे येणारी खोल बुडीची जहाजेही चढत्या पाण्याचाच आधार घेतात. म्हणून आपल्या सोयीच्या घटकेसच जलमार्गात गर्दी असते. शिडाच्या होडीस सर्वांनी वाट द्यावी असा एक समज आहे. मोकळ्या समुद्रात तो बव्हंशी खरा आहे. परंतु अरुंद जलमार्गात, 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, शिडाच्या, मासेमारीच्या व वीस मीटरांहून लहान नौकांनी त्या मार्गातूनच जाऊ शकणाऱ्या मोठ्या जहाजास अडथळा करावयाचा नसतो. नियम बाजूस ठेवला तरी, भरवेगातील मोठे जहाज थांबावयास मैलाहून अधिक अंतर लागते आणि त्याच्या तोंडापुढचे काहीशे मीटर पाणी वरच्या सुकाणूघरातून दिसतही नाही. म्हणून मार्ग काटकोनात आणि त्वरेने ओलांडावा. दूरचे जहाज आपल्या डोलकाठीच्या रेषेतून हलत नसेल आणि नुसते मोठे होत जात असेल, तर टक्कर अटळ समजून वेळीच तोंड फिरवावे.

हे भय घालण्यासाठी आम्ही लिहीत नाही. पण 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील कित्येक घरे विसरलेली नाहीत. 7 ऑगस्ट 2010 रोजी याच बंदराच्या तोंडाशी दोन मोठी जहाजे एकमेकांवर आदळली आणि बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. जेथे त्यांची ही गत, तेथे मचव्याने किती सावध असावे?

मुहूर्ताचे काय, असे घरातील वडीलधारी विचारतील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. मुहूर्तावर निघणे शक्य नसेल तर ‘प्रस्थान’ ठेवण्याची चाल आपल्याकडे होती. तांदूळ, सुपारी, एखादे वस्त्र शेजाऱ्याच्या घरी मुहूर्तावर नेऊन ठेवावे, की प्रवास सुरू झाला. पाऊल मग सोयीने उचलावे. घाटवाटांवरच्या पावसास आणि नद्यांच्या पुरास मान देऊन ही युक्ती ज्यांनी योजिली, ते समुद्रास मान देण्यास नाकारतील काय? श्रीफळ अर्पण करणे हेच नौकेचे प्रस्थान मानावे.

त्या परिचितांच्या घरी पुढल्या वर्षी असेच झाले. पौर्णिमेस पूजा झाली, नारळ पाण्यात सोडला, सुपारी-तांदळाची पुरचुंडी शेजारच्या ओटीवर ठेवली. कोष्टकात दुसऱ्या दिवशीची भरती पाऊण वाजताची होती. तांडेलाने आदल्या रात्रीच सांगून ठेविले, साडेआठास या, उशीर नको. सव्वाआठासच सारी मंडळी धक्क्यावर हजर होती, पुरचुंडीसह.