‘काही त्रास नाही ना?’ असं विचारू नका

एका कारखान्यात काम करणाऱ्या ताई वर्षात चौथ्यांदा लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आल्या. दर वेळी अँटिबायोटिक दिलं की बरं वाटायचं, दोन महिन्यांत पुन्हा तेच. या वेळी औषध लिहिण्याआधी मी विचारलं, “कामावर पाणी किती पिता?”

“पीतच नाही, डॉक्टर. बाथरूमला जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं. तो चारचौघांत बोलतो.”

पाणी कमी पिणं आणि लघवी तासन्‌तास रोखून धरणं म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रणच. पण खरी गंमत पुढे आहे. त्याच महिन्यात कंपनीने सगळ्यांकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतले होते. ‘सोयीसुविधा’ या रकान्यात ताईंनी लिहिलं होतं, ‘उत्तम’. कारण फॉर्म गोळा करणारा तोच सुपरवायझर!

तुम्ही मालक, मॅनेजर किंवा एचआरमध्ये असाल, तर स्पष्टच सांगतो: तक्रार नाही म्हणजे आजार नाही, असं समजू नका. मधुमेहाच्या काही रुग्णांना हार्ट अटॅक येतो तरी छातीत दुखत नाही, कारण दुखणं कळवणाऱ्या नसाच खराब झालेल्या असतात. ‘सगळं उत्तम’ सांगणाऱ्या ऑफिसची अवस्था अशीही असू शकते.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, अशी अपेक्षा होती. आढळल्या जास्त! त्या टीम जास्त चुकत होत्या म्हणून नव्हे, तर तिथे चुकीबद्दल बोलायची भीती नव्हती म्हणून, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

“पण लोक नुसती कुरकुर करतात,” असं मला अनेक मालक ऐकवतात. अहो, माझ्यासमोरही रोज कुरकुरच येते. ती ऐकल्याशिवाय त्यातला आजार सापडत नाही.

मग कसं विचारावं? डॉक्टरने रुग्णाला विचारावं तसं.

प्रश्न मोकळा ठेवा. ‘समाधानी आहात का? १ ते ५ गुण द्या’ यातून काही कळत नाही. ‘गेल्या आठवड्यात कामावर कशाचा त्रास झाला?’ असं विचारा.

गुप्तता खरी ठेवा. नाव विचारायचं नाही, पण विभाग, वय आणि शिफ्ट लिहून घ्यायची. सहा जणांच्या विभागात मग लपलं काय? आणि ज्याच्याबद्दल विचारताय, त्याच्याच हाती फॉर्म देऊ नका.

उपचार करा. रक्त तपासून रिपोर्ट फाइलला लावल्याने साखर उतरत नाही. काय बदललं, काय बदलता येणार नाही आणि का, हे महिन्याभरात सर्वांना सांगा. नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

आणि तुम्ही नोकरदार असाल, तर निदान डॉक्टरांना तरी कामाचे तास, शिफ्ट, पाणी, बाथरूम हे सगळं सांगा. आम्ही विचारलं नाही तरी सांगा.

त्या ताईंना मी चिठ्ठी दिली: ‘दर दोन-तीन तासांनी लघवीला जाणे आवश्यक.’ त्यांनी ती वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, “डॉक्टर, ही दाखवू कुणाला?”

तुमच्या कंपनीत या प्रश्नाचं उत्तर काय आहे, ते आधी शोधा. फॉर्म नंतर छापा.